कुत्रं हवंय? घरात विचारलंत का?

"आम्ही काय कसाई आहोत का, एवढे प्रश्न विचारायला?" सिंगापूरच्या हार्बरफ्रंटच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांतून हे वाक्य मी वरचेवर ऐकते. कुत्रं दत्तक घ्यायचं ठरतं, संस्थेचा अर्ज येतो आणि तो भरता भरता पारा चढतो. घर स्वतःचं की भाड्याचं? घरमालकाची लेखी परवानगी आहे का? दिवसभर घरी कोण असतं? सगळ्यांची संमती आहे का? देश सोडावा लागला तर कुत्र्याचं काय करणार? हे सगळं झाल्यावर स्वयंसेवक घर बघायला येणार, आणि एवढं होऊनही नकार येऊ शकतो.

प्रश्न बरोबर आहेत. काही तर आणखी कडक हवेत. संस्था तेवढंच विचारते, जे घरातल्यांनी एकमेकांना विचारलेलं नसतं. राग येतो तो त्याचाच.

आधी कुत्रं कुठून येतं ते बघू. इथल्या गावठी कुत्र्यांना 'सिंगापूर स्पेशल' म्हणतात. तुआसकडच्या कारखान्यांची आवारं, बांधकामाच्या साइट, जंगलाच्या कडा ही त्यांची जन्मस्थानं. साइटवर कामगार डब्यातला भात घालतात, कुत्री रात्री राखण करतात. इमारत उभी राहते, कामगार दुसऱ्या साइटवर जातात, कुत्री तिथेच राहतात. 2018 पासून सरकारने भटक्या कुत्र्यांना पकडून, निर्बीजीकरण करून एक तर घर मिळवून द्यायचं किंवा परत सोडायचं, असं धोरण घेतलं. चांगलं केलं. पण घर कुठलं? देशातले बहुसंख्य लोक राहतात एचडीबीच्या सरकारी फ्लॅटांत. तिथे एका घराला एकच कुत्रं, आणि तेही 62 छोट्या जातींच्या यादीतलं. त्या यादीत आपल्या साइटवरच्या कुत्र्यांना जागा नाही. नियम मोडला तर चार हजार डॉलरपर्यंत दंड.

म्हणून 2012 मध्ये 'प्रोजेक्ट अडोर' आलं. ठरलेल्या संस्थांमार्फत, निर्बीजीकरण केलेलं, चिप बसवलेलं मिश्र जातीचं कुत्रं एचडीबीत आणता येऊ लागलं. अट अशी की त्याला शिस्तीचं प्रशिक्षण द्यायचं. सुरुवातीला उंची 50 सेंटिमीटर आणि वजन 15 किलोच्या आत हवं होतं. 2020 मध्ये उंचीची मर्यादा 55 सेंटिमीटर झाली आणि वजनाची अट गेली. पाच सेंटिमीटरने किती कुत्र्यांना दार उघडलं, ते या संस्थांत काम करणाऱ्यांना विचारा. हे दार मोठ्या कष्टाने उघडलंय. शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, कुत्री परत येऊ लागली, तर ते पुन्हा बंद व्हायला वेळ लागणार नाही. एका घराची बेफिकिरी पुढच्या कुत्र्यांना भोवते, म्हणून संस्था घर पारखून घेते.

आता ती घरभेट. तेलोक ब्लांगाच्या एका ब्लॉकमध्ये मैत्रिणीकडे अशी भेट झाली, तेव्हा मी तिथे होते. आलेली बाई सोफ्यावर बसलीच नाही. आधी दारात उकिडवी बसली. एचडीबीत लाकडी दार उघडं ठेवून बाहेरचं लोखंडी गेट लावायची पद्धत आहे, वारा खेळावा म्हणून. तिने गेटच्या खालच्या गजांमधून मूठ घालून पाहिली. मूठ सहज पलीकडे गेली. "डोकं जाईल," ती म्हणाली, "आणि डोकं गेलं की कुत्रं गेलं." जाळी बांधा, मग पुढचं बोलू. त्यानंतर खिडक्या. मग बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन लिफ्टपर्यंत चालून आली आणि विचारलं, लिफ्टचं दार उघडताना समोर दुसरं कुत्रं आलं तर पट्टा कोणाच्या हातात असेल? मुलांच्या नाही, हे तिनेच बजावलं. पहिले काही आठवडे दोन पट्टे, एक छातीच्या हार्नेसला आणि एक गळ्याला. साइटवरून आलेल्या कुत्र्याने लिफ्ट पाहिलेली नसते, गुळगुळीत फरशी पाहिलेली नसते, मिक्सरचा आवाज ऐकलेला नसतो. ते घाबरलं की पळतं, आणि खाली गाड्यांचा रस्ता असतो. हातातून निसटून, नवं घर कळायच्या आतच गाडीखाली गेलेली कुत्री या लोकांनी स्वतः उचललेली असतात. म्हणून गेटचे गज ते मुठीने मोजतात.

मग ती स्वयंपाकघराकडे वळली. तिथे घरातच राहून घरकाम करणारी हेल्पर उभी होती. त्या बाईने थेट तिलाच विचारलं, "फिरवणार कोण, तू का?" हेल्परने आधी मैत्रिणीकडे पाहिलं, मग म्हणाली, हो. "कुत्र्याची भीती वाटते?" परत मैत्रिणीकडे नजर. मग हळूच, हो. ती जावातल्या खेड्यातून आलेली, धर्म पाळणारी मुसलमान. कुत्र्याची लाळ लागली तर तिला अंग आणि कपडे विधीपूर्वक धुवावे लागतात. रोज दोनदा फिरवणं, भांडं धुणं, लादी पुसणं, सगळं तिच्या वाट्याला येणार होतं आणि घरात कोणीही तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. इतकी वर्षं एका छताखाली राहून.

त्या दिवशी नकार मिळाला. मैत्रीण भडकली. मला मात्र तो नकार शंभर टक्के पटला, आणि मी तिला तसं तोंडावर सांगितलं. ज्या बाईला नाही म्हणायची सोय नाही तिच्या गळ्यात कुत्रं बांधायचं आणि आपण दयाळू म्हणवून घ्यायचं, हे चालणार नाही. यात कुत्र्याचेही हाल. घाबरणाऱ्या हातातला पट्टा त्याला लगेच कळतो.

घरमालकाचंही तसंच. केपेल बेच्या बाजूच्या कंडोंत आपले बँकांतले, आयटीतले कितीतरी लोक भाड्याने राहतात. एजंट फोनवर म्हणतो, "नो प्रॉब्लेम, ओनर चांगला आहे." करारात मात्र पाळीव प्राणी नको, असं कलम असतं. नूतनीकरणाची वेळ आली, ओनरने सोफ्यावरचे ओरखडे पाहिले, की घर किंवा कुत्रं, दोन्हीपैकी एक निवडायची पाळी येते. दोन ओळींचं पत्र आधी मागून घेतलं असतं तर? अर्जात तेवढंच मागतात.

आणि मग तो सगळ्यांत झोंबणारा प्रश्न, देश सोडावा लागला तर? एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरीचा परवाना, पहिल्यांदा मिळतो जास्तीत जास्त दोन वर्षांचा, नूतनीकरण सहसा तीन वर्षांपर्यंत. गावठी कुत्रं नीट सांभाळलं तर बारा-पंधरा वर्षं जगतं. हा हिशेब मांडल्याबद्दल संस्थेवर चिडून काय उपयोग? आपल्याकडून हमखास येणारं उत्तर ठरलेलं आहे: "काही नाही हो, पुण्याला आईकडे पाठवू."

आईला विचारलंय?

आई सत्तरीची, गुडघे दुखतात, तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट कधी चालते कधी नाही. सोसायटीत आधीच कुत्र्यांवरून कुरबुरी. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशुकल्याण मंडळाने स्पष्ट केलेलं आहे, पण ते कागद घेऊन चेअरमनशी भांडणार कोण, आई? शिवाय कुत्रं भारतात नेणं म्हणजे बॅग चेक-इन करणं नाही. सामानाबरोबर पाळीव प्राणी आणायची सवलत आहे ती परदेशात किमान दोन वर्षं राहून कायमचं परतणाऱ्याला, तीही दोन प्राण्यांपुरती, आणि प्राणी संगरोध विभागाचं ना-हरकत पत्र घेऊन. पहिल्याच वर्षी नोकरी गेली तर ही वाट बंद. अर्जात "पुण्याला पाठवू" असं लिहिणाऱ्याला यातलं काय ठाऊक असतं?

हे प्रश्न उगाच कडक झालेले नाहीत. 2016 मध्ये टॅमी नावाचं मिश्र जातीचं पिल्लू इथल्या एका घराने दत्तक घेतलं. ते चावतं, अशी तक्रार झाली आणि त्याला डॉक्टरकडून इंजेक्शन देऊन मारण्यात आलं. वय अवघं सात महिने. पिल्लाला वाचवणाऱ्या बाईने ते परत घेतलं असतं, सांभाळलंही असतं. कायद्याने तो गुन्हा ठरत नव्हता, म्हणून तिने दत्तक कराराचा भंग झाला, असा दिवाणी दावा लावला. 2020 मध्ये लोकी नावाच्या दत्तक कुत्र्याच्या बाबतीत तसंच घडलं आणि देशभर संताप उसळला. त्यातून तेव्हाचे खासदार लुईस इंग यांच्या पुढाकाराने प्राणीसंस्था, पशुवैद्य, प्रशिक्षक आणि सरकारी खातं यांचा कार्यगट बसला. दत्तक देण्याआधी कशी पारख करावी, करार कसा असावा, नंतर मदत कशी द्यावी, यावर मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली. हातात येणाऱ्या अर्जामागे या दोन जिवांची किंमत आहे. तो भरायला लागणारी पाऊण तासाची मेहनत फार झाली, असं मला कुणी सांगू नये.

संस्थांनाही एक गोष्ट सुनवायची आहे. नकार द्या, पण कारण सांगा. आठवडेच्या आठवडे उत्तर न देणं, मग एका ओळीत 'योग्य नाही' असं कळवणं, यातून चांगली माणसं दुखावतात आणि थेट दुकानात जाऊन जातिवंत पिल्लू विकत आणतात. तिथे कुणी मूठ घालून गेट मोजत नाही. "जाळी बांधा आणि परत या," एवढं लिहायला दोन मिनिटं लागतात. दुसरं, कुत्रं आधी कुणाला चावलं असेल तर ते लपवू नका. घर पारखायचा तुम्हाला हक्क आहे, तसा कुत्र्याचा पूर्वेतिहास जाणून घ्यायचा घराला आहे.

हे सगळं मायदेशी वाचणाऱ्यांनाही लागू आहे. 22 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांबाबतचा आपला आधीचा आदेश बदलला. त्यात एक गोष्ट सांगितली: ज्यांना रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचंय त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा, आणि घेतलेलं कुत्रं परत रस्त्यावर जाणार नाही ही जबाबदारी त्यांची. उत्तम. आता पालिकेच्या खिडकीवर तो अर्ज आला की गेटचे गज कोण बघणार? घरातल्या आजींना कोण विचारणार? मुंबई-पुण्यात हे काम आजवर कार्यकर्त्यांनी पदरमोड करून, रविवारी स्वतःच्या स्कूटरवर घरोघर फिरून केलेलं आहे. पालिकांनी त्यांना हाताशी धरावं, नुसता शिक्का मारून कुत्रं हवाली करू नये.

आणि ज्यांचा पास खरंच दोन वर्षांचा आहे, मन मात्र मानत नाही, त्यांनी फॉस्टर व्हावं. संस्थांना अशा घरांची कायम चणचण असते. कुत्रं काही आठवडे किंवा महिने आपल्याकडे राहतं. लिफ्टमध्ये उभं राहायला शिकतं, शी-शू बाहेर करायला शिकतं, मिक्सरला घाबरायचं थांबतं, आणि मग कायमच्या घरी जातं. एमआरटी मेट्रोत कुत्रं नेता येत नाही, मार्गदर्शक कुत्र्यांचा अपवाद सोडला तर, म्हणून डॉक्टरकडे जायला पेट टॅक्सी लागते. तिचा आणि खाण्याचा खर्च कुणाचा हे आधीच विचारून घ्या. हार्बरफ्रंट स्टेशनला लागून मरांग ट्रेलच्या पायऱ्या माउंट फेबरवर चढतात. पहाटे तिथे वर्दळ कमी असते, घाबरट कुत्र्याला पट्ट्याची सवय लावायला तसा रस्ता बरा. अर्जातल्या प्रश्नांपैकी निम्मे इथेही विचारले जातील, घरातल्यांच्या संमतीचा सुद्धा. शनिवारी सगळ्यांना एकत्र बसवा, हेल्परलाही खुर्ची द्या, आणि तिचं उत्तर सगळ्यांत आधी ऐका.