एक खोली, तीन दप्तरे

दिवेआगरच्या आमच्या एका स्नेह्यांनी माडांच्या वाडीतील आपली एकुलती एक खोली तीन संकेतस्थळांवर मांडली, आणि १९९८ साली ठरलेल्या आयकॅलेंडर नामक संकेतानुसार तिन्ही दप्तरांतील तारखा परस्परांस आपोआप कळतील, या श्रद्धेने ते निश्चिंत झाले. परंतु हा काही तातडीचा जासूद नव्हे. एक दप्तर दुसऱ्याच्या दारी काही तासांच्या अंतराने, सवडीनुसार, विचारपूस करावयास जाते, आणि मधल्या अवधीत तीच शनिवारची रात्र दोघांना बहाल होते. गेल्या नाताळात पुण्याचे एक आणि ठाण्याचे दुसरे अशी दोन बिऱ्हाडे, रीतसर पावत्या दाखवीत, एकाच अंगणात उभी राहिली. वहिनींनी दोघांनाही सोलकढी दिली. (ती मात्र पुरली.) हल्ली आरक्षण येताच वहिनी ओसरीवरच्या कालनिर्णयावर लाल पेन्सिलीने फुली मारतात आणि उरलेली दोन दप्तरे स्वहस्ते बंद करतात.