एक्सेल : अ‍ॅडव्हान्स्ड

बायोडेटात 'एक्सेल : अ‍ॅडव्हान्स्ड' लिहिणारा उमेदवार रुजू होतो आणि पहिल्याच आठवड्यात टेबलावर कॅल्क्युलेटर काढून ठेवतो. बेरीज त्यावर मारायची, उत्तर खालच्या चौकोनात टाइप करायचं, चौकोन पिवळा करायचा. झालं अ‍ॅडव्हान्स्ड! 'इंग्रजी : अस्खलित' म्हणजे साहेबांकडे परदेशी पाहुणे आले की पाणी प्यायला उठणं. पण त्या बिचाऱ्यालाच का बोल लावा? जाहिरात तरी कुठे धुतल्या तांदळाची असते? 'फ्रेशर हवा, अनुभव किमान तीन वर्षं.'

खरी पंचाईत सरकारी लिपिक-टंकलेखकाची. मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं प्रमाणपत्र तर लागतंच, वर एमपीएससी त्याला संगणकासमोर बसवून टंकलेखनाची चाचणी घेते. तिथे 'मी झटपट शिकतो' म्हणून भागत नाही, बोटं चालवावी लागतात. 'नेतृत्वगुण' आणि 'दूरदृष्टी' लिहिणाऱ्या बड्या साहेबांना मात्र असं कुणी बसवत नाही. त्यांची दूरदृष्टी कुठवर पोचते हे कळायला चार-दोन वर्षं जातात, आणि तोवर साहेब दुसरीकडे 'अनुभवी' म्हणून दीडपट पगारावर रुजू झालेले असतात.