कोवळ्या रोपांच्या मारेकऱ्यास खुले पत्र

पिथियम यास,

नमस्कार लिहीत नाही, कारण तो मनापासून निघणार नाही. पत्र जाहीरपणे लिहिते आहे, कारण तुझा गुन्हा दर पावसाळ्यात घरोघरी घडतो आणि शिक्षा भलत्यालाच होते.

जून संपता संपता फ्लॅटच्या खिडक्यांशी दसऱ्याच्या झेंडूची तयारी सुरू होते. बाहेर धो धो पावसात बारीक बी वाहून जाते, म्हणून झेंडू, टोमॅटो, मिरची, वांगी घरातच ट्रेमध्ये पेरायची. आठवडाभरात टोमॅटोचे कोंब वर येतात. घरातले शाळकरी पोर दात घासण्याआधी खिडकीशी धावते. आणि मग एका रात्रीत तू येतोस. सकाळी रोपे आडवी. पाने अजून हिरवी असतात, पण मातीलगतचे खोड पिचून सुतासारखे झालेले असते. तेवढ्यात घरातले कोणीतरी बोलून जाते, "तुझ्या हाताला गुणच नाही."

रोपे मारलीस हा तुझा पहिला गुन्हा. त्याचे खापर पेरणाऱ्याच्या हातावर फुटले आणि तू नामानिराळा राहिलास, हा त्याहून मोठा. त्या एका वाक्यानंतर कितीतरी जणांनी पुन्हा बी पेरले नाही. काही वेळा तर तू बी मातीच्या वर येऊच देत नाहीस, आतल्या आत कुजवतोस. तेव्हा शिव्या खातो बियाणे विकणारा. दर वेळी आरोपी दुसराच.

म्हणून तुझी ओळख चारचौघांत सांगते. लोक तुला बुरशी म्हणतात, पण तू खरी बुरशीही नाहीस. तुझे नाते तपकिरी शेवाळांशी आहे. 1845 पासून आयर्लंडचा बटाटा सडवून लोकांना उपाशी मारणारा करपा तुझ्याच गोतातला. तुझे बीजाणू दोन शेपट्यांच्या बळावर पाण्यात पोहत मुळापर्यंत पोचतात. पाणी आटले की तू जाड कवचाच्या बीजाणूंत दडून मातीत वर्षानुवर्षे वाट पाहतोस. बिहारमधल्या पुसा येथील संशोधन संस्थेत ई. जे. बटलर यांनी 1907 साली तुझ्या कुळावर अख्खा प्रबंध लिहिला, म्हणजे तुझा पंचनामा होऊन शतक उलटले. नाशिककडचे शेतकरी कांद्याच्या रोपवाटिकेत तुला ओळखतात, साताऱ्याचे आल्याच्या कंदकुजीत. तू अनोळखी राहिलास तो फक्त शहरातल्या खिडकीत.

आणि तुझा पराक्रम तो केवढा? तुला साचलेले पाणी लागते, कोंडलेली हवा लागते आणि समोर लागते चार दिवसांचे पोर. खरी पाने फुटून खोड टणक झाले की तुझा जोर ओसरतो. उगवल्यानंतरचे दोन-तीन आठवडे निभावले तर त्याच रोपाला आडवे करणे तुला जड जाते. तुझ्या शौर्याची हद्द तेवढीच.

तेव्हा तुझ्या सोयी काढून घेत आहोत, ही नोटीस समज. आमचे शेतकरी गादीवाफा उंच करतात तो पाणी निथळावे म्हणून. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्या आगीत तणाच्या बियांबरोबर मातीतले रोगही होरपळतात. घरात आगीची गरज नाही, शिस्त पुरते. गेल्या वर्षीचा ट्रे आधी साबणाने धुवायचा, मग नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून त्यात बुडवायचा. तळाला भोके हवीतच. कुंडीतली जुनी माती वापरायची नाही, कोकोपीट नवे घ्यायचे आणि मुठीत दाबल्यावर पाणी गळणार नाही इतकेच ओले ठेवायचे. त्यात ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळायची. ती तुझ्या धाग्यांवर जगते, म्हणून तिला आधीच बोलावून ठेवायचे. बी विरळ पेरायचे. उगवेपर्यंत ट्रेवर प्लास्टिक झाकले असेल, तर पहिला कोंब दिसताच ते काढायचे.

यापुढे सवय म्हणून रोज सकाळी पाणी घालणे बंद. वरचा थर सुकला की ट्रे थाळीतल्या पाण्यात ठेवायचा, खालून ओल वर चढू द्यायची आणि उरलेले पाणी ओतून टाकायचे. पावसाळी दमटपणात खिडकी बंद असेल, तर टेबल फॅनची हलकी हवा रोपांवरून फिरू द्यायची. उजेड कमी पडला तर जवळ एलईडी ट्यूब लावायची, म्हणजे रोपे लांबुडकी आणि लेचीपेची होणार नाहीत. खताची घाई नको, नत्राने खोड आणखी कोवळे राहते. इतके करूनही एखादे रोप कोसळलेच, तर ते वाचवत बसायचे नाही. भोवतालच्या कोकोपीटसकट ते उचलून कचऱ्यात टाकायचे आणि बाकीच्यांचे पाणी आवरायचे.

यातले काहीही हातगुणावर अवलंबून नाही. ज्याला ओल आणि वारा सांभाळता येतो, त्याच्या हातून रोपे जगतात. हे दहा वर्षांच्या मुलालाही शिकवता येते, आणि आम्ही शिकवणार आहोत.

यापुढे खिडकीतले रोप आडवे पडले तर घरात नाव तुझे निघेल, पेरणाऱ्याचे नाही. पहिला ट्रे तू नेलास म्हणून कोणी हात झटकून बसणार नाही. जुलै अजून हातात आहे. दसऱ्याचे तोरण हुकले तरी पुन्हा पेरलेला झेंडू दिवाळीला फुलतोच.

तुझ्या वाटेत उभी असलेली,
खिडकीत रोपे वाढवणारी एक बाई