नकाशा त्यांचा, टँकर तुमचा

30 जून 2021 रोजी राज्य सरकारने 23 गावं पुणे महापालिकेच्या पदरात टाकली. सूस, म्हाळुंगे, वाघोली, नऱ्हे, मांजरी बुद्रुक, नांदेड, किरकटवाडी वगैरे. क्षेत्रफळात पुण्याने मुंबईला मागे टाकलं, हे मिरवायला पालिकेला जेमतेम दोन आठवडे मिळाले. 14 जुलैला त्याच सरकारने त्याच गावांसाठी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, म्हणजे पीएमआरडीएला, विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमलं. गावं पालिकेची, आराखडा आणि बांधकाम परवानगी पीएमआरडीएची. या प्राधिकरणाचे अध्यक्ष? खुद्द मुख्यमंत्री. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

वाटणी कशी झाली बघा. नकाशा मंजूर करणं आणि विकसन शुल्क भरून घेणं पीएमआरडीएकडे. कचरा उचलणं, ड्रेनेज टाकणं, टँकर पाठवणं आणि वर शिव्या खाणं पालिकेकडे. बिल्डर हमीपत्र लिहून देतो की पालिकेचं पाणी येईपर्यंत सोय आम्ही करू. फ्लॅट विकून होतात, सोसायटी ताब्यात दिली जाते, हमीपत्र फायलीत झोपतं आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येऊन बसतं. पाणी नळाला येत नाही, पण मुरतं कुठे ते सगळ्यांना ठाऊक असतं.

2025 च्या जानेवारीत नांदेड, किरकटवाडी, खडकवासला भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि बोटं पाण्याकडे वळली. जाब पालिकेला विचारला गेला. तिथल्या इमारतींचे नकाशे कुणी मंजूर केले, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा ऐकू आला नाही. करून सवरून नामानिराळं राहायची सोय असावी तर अशी.

74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी 18 विषय लिहिले. पहिला नगर नियोजन, दुसरा जमिनीचा वापर आणि इमारतींचं बांधकाम. पाचवा पाणी, सहावा आरोग्य आणि कचरा. मात्र यातले अधिकार द्यायचे की नाही, हे राज्याच्या मर्जीवर सोडलं. मर्जी अशी की 23 गावांत पहिले दोन विषय राज्याने आपल्या प्राधिकरणाला दिले, पाचवा-सहावा पालिकेच्या गळ्यात. शिवाय 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायदा हाताशी आहेच. कलम 154 प्रमाणे सरकारचे निर्देश नियोजन प्राधिकरणाला पाळावेच लागतात, आणि कलम 37 मध्ये मंजूर आराखड्यात स्वतःहून फेरबदल करायची मुभा सरकारला आहे.

हा कुण्या एका पक्षाचा गुण समजू नका. 2015 मध्ये पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा मुदतीत झाला नाही म्हणून सरकारने पालिकेच्या हातून काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या समितीकडे सोपवला. तेव्हा मंत्रालयात भाजप, पालिकेत राष्ट्रवादी. 2021 मध्ये मंत्रालयात महाविकास आघाडी, पालिकेत भाजप. पालिकेच्या स्वायत्ततेचं भाषण विरोधात असताना पाठ होतं आणि शपथविधीच्या दिवशी विसरलं जातं.

नगरसेवक म्हणजे संत मंडळी, असं आमचं म्हणणं नाही. त्यांनी आरक्षणांचं काय काय केलं हे पुणेकरांना तोंडपाठ आहे, आणि म्हणूनच जुन्या हद्दीच्या त्या आराखड्यावर सुमारे 87 हजार हरकती आल्या होत्या. पण नगरसेवकाला चौकात गाठता येतं, पाच वर्षांनी घरी बसवता येतं. प्राधिकरणाला कोण घरी बसवणार? त्यात मार्च 2022 मध्ये पालिकेची मुदत संपली आणि निवडणूक व्हायला 2026 उजाडलं. समाविष्ट गावांतल्या माणसाचा सरपंच गेला, नगरसेवक आलाच नाही. उरला तो टँकरवाला.

आता नगरसेवक आले आहेत. त्यांनी सत्काराच्या शाली बाजूला ठेवून महासभेत एकच ठराव करावा: परवानगीवर ज्याची सही, पाण्याची जबाबदारी त्याची. सरकार तो विखंडित करील, करू दे. निदान जबाबदारी कुणाला नको आहे, हे तरी कागदावर येईल.