तिसऱ्या चौकोनातली फुली

जर्मनीत राहणाऱ्या मराठी माणसाच्या कुंडलीत एक जादा घर असतं: परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचं. तिथला शनी दर दोन-चार वर्षांनी जागा होतो. निवास परवान्याचं कार्ड संपत येतं, आपण मुदतीआधी अर्ज करतो आणि कार्यालय मौनव्रत धरतं. नेमकं तेव्हाच साताऱ्यात मामेभावाचं लग्न ठरतं.

मधल्या काळापुरता १३ युरो घेऊन एक घडीचा कागद देतात. त्याला म्हणतात 'फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग'. आईला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं, आधी वाफ घे."

त्या कागदावर तीन चौकोन असतात. फुली तिसऱ्यात असेल, म्हणजे कलम ८१, पोटकलम ४, तर जुना परवाना चालूच धरतात. देशाबाहेर जाऊन परत येता येतं. फुली पहिल्यात असेल तर जर्मनीत खुशाल राहा, पण बाहेर गेलात की या कागदावर परतीची वाट बंद. माझी तिसऱ्यात होती. तिचा मी इतक्या जवळून फोटो काढला, की बायकोने विचारलं, माझा असा कधी काढलास?

कायदा माझ्या बाजूने होता. पण कायदा राहतो जर्मनीत आणि परतीचं विमान सुटतं मुंबईहून. खरी सरहद्द तिथल्या चेक-इन काउंटरवर असते आणि तिच्यावर पहारा एका पंचविशीतल्या पोराचा. त्याला तरी काय बोलायचं? योग्य कागद नसलेला प्रवासी नेला तर जर्मन कायद्याने विमान कंपनीला माणशी १००० ते ५००० युरोंचा भुर्दंड बसू शकतो, शिवाय त्याला परत न्यायचं ते वेगळंच. पोराने कागद सुलटा वाचला, उलटा वाचला, दिव्यासमोर धरला.

"सर, कार्ड एक्सपायर झालंय."

"हो, म्हणून तर हा कागद."

"पण सर, हा नुसता कागद आहे."

मागच्या रांगेत "व्हिसा नाही वाटतं" अशी कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात बाहेर थांबलेल्या बाबांचा फोन. "मी येऊन बोलू का?" बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. साहेबांना भेटलं की काम होतं, हा त्यांचा सिद्धांत. इथे साहेब म्हणून एक बाई आल्या. त्यांनी टिमॅटिक उघडलं. कुठल्या देशात कुठला कागद चालतो, हे विमान कंपन्या त्यात बघतात. बाई ओठ हलवत वाचत होत्या आणि मी मनातल्या मनात कलम ८१ चा जप करत होतो. अखेर त्यांचं बोट तिसऱ्या चौकोनावर टेकलं आणि बोर्डिंग पास बाहेर आला.

फ्रँकफुर्टच्या पोलिसाने कागद उघडला, फुली पाहिली, मिटून परत दिला. घरभाड्याचा करार, पगाराच्या स्लिपा, विम्याचं पत्र अशी जाडजूड फाइल मी छातीशी धरून उभा. तिच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. खरं सांगायचं तर जरा अपमानच वाटला.

कस्टमवाला मात्र चौकस निघाला. त्याने बॅग उघडायला लावली आणि कंदी पेढ्यांचा खोका वर काढला.

"यात दूध आहे?"

"आहे." बाहेरून आणलेल्या दुधाच्या पदार्थांना युरोपीय संघात प्रवेश नाही.

"कसले आहेत?"

"भावाच्या लग्नाचे."

त्याने माझं मनापासून अभिनंदन केलं आणि पेढे टोपलीत टाकले.