साठवणीचे पासवर्ड

चैत्रात गच्चीवर कुरडया पडतात, तसं ॲप तयार झालं की पासवर्ड साठवायची वेळ येते. नवशिक्यांनी घाबरू नये.

साहित्य: एक डेटाबेस, त्यात एक रकाना, आणि ‘आपल्याकडे कोण येतंय चोरायला’ हा विश्वास, सढळ हाताने.

ग्राहकाने टाइप केलेला पासवर्ड न चिरता, न कुटता बरणीत भरावा. वर दादरासुद्धा बांधू नये. रॉकयू या अमेरिकन कंपनीने असे ३ कोटी २० लाख भरले होते. २००९ मध्ये बरणी फुटली आणि कळलं, की सर्वांत लोकप्रिय वाण ‘१२३४५६’ हे होतं. ती यादी कुलपं फोडणारे आजही वापरतात. लोणचं तरी इतकं टिकतं का?

शेजारची सुगरण सांगेल, ‘हॅश करा.’ म्हणजे पासवर्ड मिक्सरमधून काढा. चटणीतून परत खोबरं निघत नाही. ऐकायचंच असेल तर निदान मीठ घालू नका. दरेक पासवर्डात वेगळं मीठ (संगणकवाले त्याला सॉल्ट म्हणतात) पडलं, की दोघांचा पासवर्ड एकच असला तरी चटणी निराळी होते आणि चोराला वाटी-वाटी चाखत बसावं लागतं. पाहुण्याला एवढा त्रास? लिंक्डइनने अळणीच ठेवली होती. २०१२ मध्ये सुमारे ६५ लाख वाट्या बाहेर दिसल्या. २०१६ मध्ये कळलं, आकडा ११ कोटींच्या वर होता.

थोडे पासवर्ड लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, सांडले तरी चालतं. फेसबुकचे कोट्यवधी तसेच सांडले होते. त्याबद्दल आयर्लंडच्या डेटा-संरक्षण नियामकाने २०२४ मध्ये ९ कोटी १० लाख युरो दंड ठोठावला.

ग्राहक विसरला, तर त्याचाच पासवर्ड त्याला मेलने वाढा. मला एका ठिकाणाहून असा आला होता. ‘आपला पासवर्ड पुढीलप्रमाणे’, आणि खाली ठळक अक्षरांत बायकोचं माहेरचं नाव. तेच माझ्या बँकेलाही होतं.

कायद्याचं फार मनावर घेऊ नये. आपल्याकडच्या २०११ च्या आयटी नियमांत संवेदनशील माहितीच्या यादीत पासवर्ड बँक खात्याच्याही आधी, पहिलाच आहे. गळती झाली की सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेला ६ तासांत कळवायचं असतं. आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हयगयीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड लिहिलाय. तो वसूल व्हायला बिरबलाच्या खिचडीला लागतो तेवढा वेळ आहे म्हणा.

सजावटीचं पत्रक मात्र आधीच करून ठेवा: ‘ग्राहकांची गोपनीयता हे आमचं सर्वोच्च प्राधान्य आहे.’ तारखेची जागा मोकळी सोडा.