अंशतः होय

जगातला सगळ्यात सोपा प्रश्न चेकबॉक्स विचारतो. होय की नाही? तिथे 'बघू' चालत नाही, 'घरी विचारून सांगतो' चालत नाही. सोसायटीच्या सभेत जे उत्तर दोन तासांत निघत नाही, ते हा नखाएवढा चौकोन एका क्लिकमध्ये काढून घेतो. म्हणूनच आमच्या धंद्यात चेकबॉक्सचं काम नेहमी नव्या पोराला देतात. 'चेकबॉक्सच तर टाकायचेत, दुपारपर्यंत होईल.' आमच्याकडेही ते असंच दिलं गेलं होतं. पोराने ते खरंच दुपारपर्यंत केलं, यथावकाश चांगल्या पगारावर बंगळुरू गाठलं, आणि चेकबॉक्स माझ्या वाट्याला आले.

आमचा प्रोग्रॅम म्हणजे साधा फाइल ब्राउझर. फोल्डरांची उतरंड दिसते, प्रत्येक नावाच्या डाव्या हाताला चौकोन असतो. हवं त्यावर टिक करायची आणि 'कॉपी' दाबायचं, की माल बाहेरच्या डिस्कवर. गिऱ्हाईक म्हणजे वकील, सीए, आर्किटेक्ट; ज्यांच्याकडे कागद फार आणि धीर कमी, अशी मंडळी. पहिला फोन सदाशिव पेठेतल्या एका वकीलसाहेबांचा आला.

"तुमचा प्रोग्रॅम खोटी साक्ष देतो."

"काय झालं, साहेब?"

"खरेदीखतांच्या फोल्डरवर मी टिक केली. टिक दिसत होती. कॉपी झाली असंही तो म्हणाला. डिस्कवर फोल्डर आहे, आत एक कागद नाही."

"दर वेळी असंच होतं का?"

"नाही ना! कधी होतं, कधी होत नाही. सातत्याने खोटं बोलला असता तर निभावून नेलं असतं हो."

प्रोग्रॅमरच्या पोटात गोळा यावा असं वाक्य एकच: 'कधी होतं, कधी होत नाही'. नेमाने होणारा बग बिचारा सज्जन असतो. बोलावलं की येतो, संध्याकाळपर्यंत सापडतो. लहरी बग पाहुण्यांसमोर गाणं म्हणत नाही. माझ्या मशीनवर तो तोंडच उघडेना. मी टिक करायचो, कॉपी करायचो, सगळे कागद सुखरूप पोचायचे. शेवटी मी आमच्या जमातीचं आद्य वचन उच्चारलं: "माझ्या मशीनवर तर चालतंय."

"मग तुमचं मशीनच पाठवून द्या त्यांना," टेस्टिंगच्या बाई म्हणाल्या, आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी टिक केली, कॉपी केली. डिस्कवर रिकामं फोल्डर. मी केलं, भरलेलं फोल्डर. तेच मशीन, तोच माउस. हात तेवढे वेगळे.

फरक हातातच होता. मी टिक करण्याआधी फोल्डर उघडून बघायचो. आत काय आहे हे पाहिल्याशिवाय कशावरही सही करायची नाही, हा आमच्या घरातला संस्कार. बाई आणि वकीलसाहेब थेट बंद फोल्डरवर टिक करायचे, जसं कुठलाही कामाचा माणूस करतो.

आता पडद्यामागचं सांगतो. आमचा प्रोग्रॅम 'क्यूट' नावाच्या तयार लायब्ररीवर उभा आहे. मूळची नॉर्वेची, १९९५ साली बाहेर पडलेली, जगभर वापरतात. तिच्यात फाइलींची यादी देणारा एक भाग आहे. तो शहाणा असल्यामुळे आळशी आहे. डिस्कवर लाखो फाइली असू शकतात, त्या सगळ्या आधीच वाचत बसला तर खिडकी उघडायलाच चहा होईल. म्हणून तुम्ही फोल्डर उघडेपर्यंत तो आत डोकावतच नाही. आमच्या कोडने काय केलं होतं? फोल्डरवर टिक पडली की यादीतल्या त्याच्या पोरांवरही, म्हणजे आतल्या फाइलींवरही, टिक करायची, आणि कॉपीच्या वेळी फक्त पोरांना विचारायचं. फोल्डर उघडलेलं असेल तर पोरं हजर. बंद असेल तर यादीत पोरंच नाहीत. मग टिक कोणावर करणार? कोडने शून्य पोरांवर चोख टिक केली, शून्य फाइली बिनचूक कॉपी केल्या आणि 'काम पूर्ण झाले' असं हसून सांगितलं. मी मात्र बग शोधायला फोल्डर उघडत होतो, म्हणजे दर वेळी माझ्याच हाताने त्याला पळवून लावत होतो.

एकदा दार उघडलं म्हटल्यावर बाकीचं बिऱ्हाडही बाहेर आलं. बाईंनी वरच्या 'तारीख' या मथळ्यावर क्लिक केलं. फाइली तारखेप्रमाणे इकडेतिकडे झाल्या, खुणा जागच्या जागी. सातबाऱ्यावरची टिक आता वीजबिलावर! त्या पोराने टिकची नोंद फाइलीच्या नावाने न ठेवता ओळीच्या क्रमांकाने ठेवली होती. तिसऱ्या ओळीवर टिक आहे ना, मग तिसऱ्या ओळीत कोणी का बसेना. वकीलसाहेबांच्या ऑफिसात तर कोणी मथळ्याला हातही लावत नव्हतं. तिथला स्कॅनर दर थोड्या वेळाने त्याच फोल्डरात नवी पीडीएफ टाकायचा, ती वर जाऊन बसायची आणि खालची सगळी रांग एकेक ओळ सरकायची. साहेब चहा घेऊन परत येईपर्यंत एका अशिलाची टिक दुसऱ्याच्या गळ्यात.

तिसरी गंमत माउसची. काही फोल्डरांवर टिक केली तरी दिसायची नाही, पण वरून माउस फिरवला की उगवायची. कारण साधं: नोंद बदलल्यावर 'बदल झाला, पुन्हा रंगव' असा निरोप पडद्याला द्यावा लागतो. तो दिलाच जात नव्हता. माउस वरून गेला की तेवढी ओळ आपोआप नव्याने रंगते, आणि खरं काय ते बाहेर येतं. एका सीएंच्या ऑफिसातल्या मुलीने याची पद्धतच बसवली होती: टिक करायची, मग औक्षण केल्यासारखा माउस तीनदा ओवाळायचा. आम्ही दुरुस्त केल्यावरही ती ओवाळतेच, असं कळतं.

पण खरा खटला अर्ध्या टिकचा. आतल्या काही फाइली हव्यात, काही नकोत, तर फोल्डरच्या चौकोनात काय दाखवायचं? त्यासाठी तिसरी अवस्था असते. क्यूटमध्ये रिकाम्या चौकोनाचा आकडा ०, अर्ध्याचा १ आणि पूर्ण टिकचा २. आणि सी प्लस प्लस या आमच्या कोडच्या भाषेचा जुना रिवाज असा की जे शून्य नाही ते सगळं खरं. पोराने कोडमध्ये एवढंच विचारलं होतं: 'टिक आहे का?' अर्ध्या टिकने मान डोलावली, १ म्हणजे होय, आणि नको म्हटलेल्या फाइलींसकट अख्खं फोल्डर डिस्कवर गेलं.

हे मी वकीलसाहेबांना भीतभीत समजावलं. मला वाटलं, आता म्हणतील, 'होय की नाही एवढंच सांगा.' ते उलट खूश झाले.

"अहो, 'अंशतः मंजूर' असा हुकूम आमच्याकडे रोज होतो. पण कशापुरता मंजूर, ते निकालपत्रात लिहिलेलं असतं. तुमचं निकालपत्र कुठे आहे?"

नव्हतंच. टिक पडद्यावर होती, ओळीच्या क्रमांकात होती, पोरांच्या माथ्यावर होती; तिची नोंद म्हणावी अशी एक जागा कुठेच नव्हती. मग आम्ही एक वही घातली. तिच्यात फक्त माणसाने घेतलेले निर्णय, फाइलीच्या पूर्ण पत्त्यासह. 'खरेदीखतं हे फोल्डर: होय. त्यातला कच्चा मसुदा: नाही.' बस्स. आतली कुठलीही फाइल नंतर यादीत आली तरी ती आधी स्वतःचं नाव वहीत शोधते, ते नसेल तर बापाचं, तेही नसेल तर आजोबाचं. जो निर्णय सगळ्यात जवळचा, तो तिचा. अर्धी टिक कुठे साठवायचीच नाही, वही वाचून तिथल्या तिथे काढायची. आणि कॉपीच्या वेळी पडद्यावरच्या यादीला न विचारता वही घेऊन थेट डिस्कवर जायचं.

साहेबांनी तरी एक उलटतपासणी घेतलीच. "विंडोजमध्ये मोकळ्या जागेत क्लिक केलं की सगळ्या खुणा जातात. तुमच्यात जात नाहीत." बरोबर होतं. व्हिस्टापासून विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये चेकबॉक्स मिळतात, पण तिथे टिक म्हणजे 'आत्ता निवडलंय' एवढंच. दुसरीकडे क्लिक केलं की निवड संपली. आमच्याकडे टिक म्हणजे लेखी निर्णय. दोन्ही चौकोन दिसायला सख्खे भाऊ, वागणूक परक्यांची. यावर आमच्याकडे मीटिंग झाली, आणि चेकबॉक्सवरच्या मीटिंगमध्येसुद्धा होय की नाही ते ठरलं नाही. अखेर बाईंनीच खिडकीच्या तळाशी एक ओळ टाकून घेतली: किती फाइली जाणार, किती वगळल्या. त्यानंतर साहेबांचा फोन आलेला नाही.

तेव्हा प्रोग्रॅमर मित्रांनो, निर्णय एकाच जागी लिहा आणि चौकोन त्यावरून रंगवा. चौकोनात निर्णय ठेवू नका. आणि वाचकहो, तुम्हाला एवढंच सांगणं: कॉपी झाल्यावर डिस्क काढण्याआधी फोल्डर एकदा उघडून बघा. टिक कितीही ठसठशीत असली, तरी कोर्टात कागद दाखवावा लागतो.